आमच्याकडे सगळ्यांनाच कॅसिओ म्हणतात

यामाहा असो, की दिल्लीची
नाव पुसून गेलेली कुठली,
गावात सगळ्यांनाच कॅसिओ म्हणतात.
अशा सात आहेत माझ्या घरी,
धानाच्या कोठीशेजारच्या खोलीत,
दोन खाटेवर, चार फळ्यांवर
आणि एक उभी, दाराआड,
रुसलेल्या पाहुणीसारखी.

पहिली वडशाहून आणली.
नाटक कंपनी फुटली त्या साली
पडदे एकाने नेले, जनरेटर दुसऱ्याने,
ऑर्गनवाला रेवनाथ म्हणाला, ही तू ने.
तिला अजून मंडपाचा वास येतो,
बिडीचा, पावडरचा, पहाटे चारच्या चहाचा.
शेवटच्या अंकात आई मरायची
तेव्हा हिच्यातूनच व्हायोलिन निघायचं
आणि बायका पदर तोंडात धरायच्या.
तेच बटण मी दुपारी दाबतो, उगाच.
कोणी मरत नाही.
बरं वाटतं.

दुसरी शाळेची.
पतिराम मास्तरांनी पट्ट्यांवर नेलपॉलिशने
सा रे ग म लिहून ठेवलंय,
'ध'च्या जागी 'घ'.
पंधरा वर्षं पोरं तो घ गात मोठी झाली.

तिसरी काळी दोनमध्ये अडकलेली.
सूर बदलायचं बटण आत बसलं ते उठलंच नाही.
भजनी मंडळात कोणाला पत्ताच नव्हता,
कवडूबुवांचा गळाही काळी दोनचाच.
बुवा गेले,
मग कळलं पेटी बिघडलेली आहे.

चौथीत शंभर आवाज, सत्त्याण्णव नंबरला कुत्रा.
तो दाबला की गल्लीतला मोत्या उठतो,
त्याला पाटाकडचा उत्तर देतो,
मग आरमोरीच्या रस्त्यापर्यंत
सगळे एकमेकांना विचारत राहतात, कोण रे तो नवा.

पाचवीत उंदीर राहून गेला होता.
उघडली, वायरी जोडल्या, बंद केली,
वाटीत तीन स्क्रू उरले.
वाजते.
सहावी नवी, नागपूरची, हप्त्यावर.
तिला पडदा आहे, ब्लूटूथ आहे, स्वभाव नाही.
सातवी, दाराआडची, बोलतच नाही.

मला वाजवता येत नाही, हेही सांगून टाकतो.
तीन गाणी येतात, एका हाताने.
डाव्या हाताला गिरणीची पोती तेवढी कळतात.
अनसूया म्हणते,
"वाजवता त येत नाई,
कायले जमा करून ठेवता जी?"
याचं उत्तर मी शोधलं, पण मिळालं नाही.

कधी रात्री लाईट टिकली तर
एका बोर्डावर सगळ्यांच्या पिना लावतो,
सातवीचीही लावतो, पंगतीत बसवल्यासारखी.
हिरवे-तांबडे बारके दिवे लागतात
आणि मी एकेकीचा सा दाबत जातो.
एकीचा जरा चढा, एकीचा नाकातला,
एकीचा पाटापलीकडून हाक मारल्यासारखा.
तिसरी आपलंच काहीतरी म्हणते.
सा म्हणजे सा, असं पुस्तकात असेल.
माझ्याकडचे सगळे
कोणाकोणाच्या घरी राहून आलेले आहेत.

गिरणीवरून येतो तेव्हा अंगभर कोंडा असतो,
हात धुतल्याशिवाय मी पट्ट्यांना लावत नाही.
परवा शाळेच्या पेटीवर, त्या घ वर,
हळदीचं बोट दिसलं.
आवाजाची खिट्टी मी पूर्ण वर ठेवतो,
ती खाली होती,
भिंतीलाही ऐकू जाऊ नये इतकी खाली.

मी काही विचारलं नाही.
पहिलीचा अडॅप्टर काढून शाळेच्या पेटीला लावला,
तो तापत नाही.
स्टूलाचा डुगडुगता पाय ठोकून घेतला.

रात्री जेवताना म्हणाली,
"वरनात हरद कमी झाली का जी?"
मी म्हणालो,
बरोबर आहे.