पट्ट्याचा पीळ

मिलच्या बंगल्यावर हिरवळ कापायचा तो.
मिल गेली, बंगला गेला,
हिरवळ तर सगळ्यांत आधी गेली.
हा राहिला भंगारात, बाभळीखाली,
कमरेएवढा ट्रॅक्टर,
पोराने हट्ट करून मागावा असा.

वजनावर घेतला.
काट्यावर चढवताना नदाफ म्हणाला,
इंजिनाचं वजन धरत नाही,
मेलेल्याचे पैसे मी घेत नाही.

सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीचं घर.
पिस्टन असा रुतलेला की
डिझेल पाजलं, रॉकेल पाजलं,
आठ दिवस लाकडी ठोकळा ठेवून
हातोडीने समजूत घातली.
मग ब्लॉकवर बोट फिरवलं
तर नखाला चीर लागली, केसाएवढी.
तिथे मी थांबलो.

दुसरं इंजिन घरचंच होतं,
शेडच्या कोपऱ्यात, पोत्याखाली.
लोडशेडिंगच्या वर्षांत माझे सहा माग त्यानेच ओढले.
टॉवेल, नॅपकिन, एक्सपोर्टचे
आणि एक्सपोर्टमधून परत आलेले.
माग विकले तेव्हा घेणारा म्हणाला, हे धूड नको.
पद्मा म्हणाली, बरं झालं.
का बरं झालं ते मी विचारलं नाही.

जुन्या पायाची चार भोकं, नव्याची चार,
आणि आठांतलं एकही एकासमोर एक येईना.
अक्कलकोट रोडच्या इराप्पाने
दहा एमएमची प्लेट कापून दिली,
वर म्हणाला, एवढ्यात नवी मोटारसायकल आली असती.
पुल्या जुळवायला वीस नंबरचं सूत घेतलं, कांडीवरचं,
या पुलीच्या तोंडापासून त्या पुलीच्या तोंडापर्यंत
ताणून धरलं.
कुठेच फट नाही.
इतकी वर्षं सूत विणलं,
सुतात असणं त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

हँडल मारलं. तिसऱ्यांदा पेटलं.
आधी काळा धूर,
मग फिन्समध्ये दडलेलं कापसाचं तूस
अंगणभर उडालं.
पहिला गिअर टाकला, क्लच सोडला,
आणि गाडी गेली मागे,
थेट पद्माच्या कुरडयांच्या बाजेवर.
हे इंजिन उलटं फिरत होतं.
म्हणजे आता माझ्याकडे
तीन गिअर मागे जायला, एक पुढे.

ओट्यावर अंबादास बोद्दूल बसलेला.
मिलमध्ये जॉबर होता, मागांनी कान नेले,
पण चाक कुठल्या अंगाने फिरतं ते त्याला दिसतं.
वेनक्की, वेनक्की, म्हणत खोकला येईपर्यंत हसला.
मग बोटाने हवेत काढून दाखवलं :
पट्ट्याला पीळ दे. आठ कर.
मराठी आठ नव्हे, इंग्रजी.

घरात गेला, ट्रंक उघडल्याचा आवाज आला.
चार बोटं रुंद, चपटा, कॅनव्हासचा पट्टा,
मिलचं शेवटचं भोंगं झालं त्या दिवशी
शर्टाच्या आत कमरेला गुंडाळून आणलेला.
गेटवर झडती झाली होती, तो म्हणाला,
पण त्या दिवशी झडती घेणाराही रडत होता.

इराप्पाने पुल्या पुन्हा तासल्या, शिव्या देत.
पट्टा स्वतःलाच ओलांडतो तिथे जरा घासतो.
घासू दे, अंबादास म्हणाला,
आमच्याकडे चाळीस वर्षं घासत होता.

कुंभारीला तीन गुंठे आहेत.
तिसरा गिअर अजून पडत नाही,
ऑईल टपकतं, कुठून ते सापडलेलं नाही.
पण पहिल्या गिअरला पुढे जातो,
पायी चालणाऱ्यापेक्षा थोडा हळू.
पद्मा बांधावर उभी राहून ऐकत होती.
आवाज तोच, म्हणाली.
हा सुरू झाला की मी कांड्या भरायला बसायचे.
आता बसू कुठं?

सीट एकच आहे.
मडगार्डवर पोतं टाकलं.
बसली, माझ्या खांद्याला धरून.
वेनक्की नको नेऊस, म्हणाली.