दिरेकची खतावणी

एकूण किती होतं हो, सगळं मिळून?
मनिलाच्या कर-कचेरीतला पोरगा विचारतो,
पेनचं टोपण दातांत धरून.

एकतीस वर्षं मी दिरेकची वही लिहिली.
दिग्दर्शकाला इथे सगळे दिरेकच म्हणतात,
शेवटी शेवटी त्याची आईसुद्धा म्हणायची.
लिही बाबा.

अँटिपोलोच्या टेकडीवर घर. खोल्या चौदा.
पोहण्याचा तलाव एक, पाणी कधीच नाही;
तळाला गाद्या, वरच्या सज्जातून पोरं
पडायला शिकायची.
मोटारी सात. एकही त्याने स्वतः चालवली नाही.
मागे बसायचा डोळे मिटून,
वळण आलं की पुढच्या सीटची कड घट्ट धरायचा,
दोनशे गाड्या दरीत लोटलेला माणूस.
झुंजीचे कोंबडे बावीस.
त्यातल्या एकाचा महिन्याचा खुराक
नायिकेच्या मानधनाहून जास्त.
तिला नाही कळलं, मला कळलं.

चित्रपट बासष्ट.
एकच जीपनी आम्ही चार चित्रपटांत उडवली,
दर वेळी नवा रंग, कपाळावर नवा संत.
रक्त मी घरी शिजवायची:
साखरेचा पाक, लाल रंग, चमचाभर कॉफी.
मेलेल्यांना मुंग्या लागायच्या
आणि मेलेले खाजवायचे,
मग परत सगळी लढाई पहिल्यापासून.

पैसा पोत्यांतून यायचा.
सेबूचे थिएटरवाले बोटीतून आणायचे,
नोटांना सुक्या मासळीचा वास.
रात्रभर मोजून माझी बोटं काळी पडायची,
दिरेक माझ्यासाठी भात झाकून ठेवायचा.
तेही लिही हवं तर. नको, राहू दे.

आता हे काचेचं खातं.
दर महिन्याची पाच तारीख: काच.
चित्रीकरण बंद, तरी काच.
तो इस्पितळात, नळ्या नाकात, तरी काच.
हिशेबतपासनीस हसला होता एकदा,
इतक्या खिडक्या फोडता तरी कुठे?
ती काच मीच पोचवायची, लिफाफ्यातून,
तोंदोच्या गल्लीत, रोदांतेच्या बायकोला.

रोदांते तिसऱ्या मजल्यावरून दोनदा पडला.
पहिल्यांदा असा, की भाजकं मका विकणारी म्हातारी
विकायचं विसरली.
दिरेक म्हणाला, भिंगावर धूळ होती. आणखी एकदा.
खालचे पुठ्ठ्याचे खोके पहिल्या उडीतच दबले होते,
नवे आणायला वीस मिनिटं लागली असती,
उजेड होता दहा मिनिटांचा.

पडद्यावर पहिलीच उडी आहे.
आभाळात डावीकडे एक ठिपका दिसतो,
मी सांगितल्याशिवाय कोणाला दिसत नाही.
एकवीस आठवडे चालला तो चित्रपट.
टेकडीवरची जमीन त्यातलीच.

काल तिजोरी फोडली.
तिन्ही मुलं, दोन वकील, एक कुलूपवाला.
सोनं नाही, डॉलर नाहीत.
पत्र्याचा एक डबा, कडेने चिकटपट्टी.
उघडला तशी खोलीभर आंबूस झळ आली,
जुनी फिल्म कुजली की व्हिनेगरसारखी होते.
धाकटा म्हणाला, फेका.
थोरल्याला म्हणे आईचा अडोबो आठवला,
तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.
दुसरी उडी होती ती.
वेटोळं चिकटून वीट झालेलं.
उलगडू गेलं तर हातात चुरा.

लिही: पत्र्याचा डबा, एक.
किंमत?
थांब जरा.
परवा पाच तारीख आहे.
लिफाफा आता कुणाच्या खात्यातून काढायचा,
तेवढं आधी सांग.