दोन पातळ हात

हजारचा पेपर, मग दोन हजारचा,
साबणाच्या पाण्यात बुडवत बुडवत
मागच्या लाल दिव्यांची तकाकी घालवली.
बादलीतलं पाणी गुलाबी झालं.
आई म्हणाली, ही बादली आता तुझी तूच ठेव.

वडगावच्या आमच्या बोळात झेन उभी,
केए बावीस, माझ्याआधी दोघांनी वापरलेली.
दिव्यांच्या कडेनं रद्दीचे तुकडे डकवले,
डावीकडं मराठी पेपर, उजवीकडं कन्नड,
दोन्हींत निधनाचंच पान हाताला आलं.
फोटोतली माणसं चिकटपट्टीखाली
शांत बघत होती.

खडे बाजारातनं आणलेला स्मोक स्प्रे हलवला.
आतली गोळी खडखडली.
आप्पा कट्ट्यावर येऊन बसले.
"काय करुलालास?"
"दिवे काळे."
"कशाला?"
"भारी दिसतंय."
"काय दिसतंय?"

यावर मी काही बोललो नाही.

आप्पांनी चौतीस वर्षं सूत रंगवलं.
शहापुरी लुगड्यांच्या लडी,
डाळिंबी, मोरपंखी, वांगी,
आणि व्यापारी नुसतं 'चिंचेच्या बोटकासारखा' म्हणायचा, तो.
नखांच्या मुळाशी अजून निळं आहे.
"पातळ घे," म्हणाले. "वाळू दे. मग दुसरा.
दाट घेतलास तर ओघळ येतो,
आणि ओघळ काही केल्या जात नाही."
मी दोन पातळ हात दिले.
तिसरा माझ्या मनानं.

दिवेलागणीला म्हटलं, आप्पा, मागं जा,
नळापर्यंत. मी ब्रेक दाबतो,
लाल दिसलं की सांगा.
आरशात त्यांचा पांढरा शर्ट
लहान लहान होत थांबला.

"दाब की."
"दाबलोय."
"दाब की रे!"
"दाबलोच आहे, आप्पा."

मग कुणीच काही बोललं नाही.
मागल्या गल्लीत एक माग चालू होता, खटाखट.
आणि मला तो गठ्ठा आठवला,
चार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यानं परत धाडलेला:
वांगी सांगितलं होतं, काळं आलंय.
पुढच्याच महिन्यात आप्पांनी काम सोडलं.
कंबर धरते, म्हणाले.
आम्ही तेलाची बाटली आणून दिली.

गंगव्वा दूध घेऊन चालली होती.
"आजी, बघा जरा, लाल लागलंय?"
तिनं डोळ्यांवर हात धरला.
"एनू काणवल्दपा," म्हणाली.
मग दोन पावलं पुढं येऊन,
"हां... स्वल्प. स्वल्प केंपु."

"बघ!" आप्पा तिथनंच ओरडले,
"तिलाबी दिसत नाही!"
इतके खुश मी त्यांना
बहिणीच्या लग्नातही बघितलं नव्हतं.
स्वल्प त्यांनी ऐकलं नाही,
किंवा ऐकलं.
माझा पाय ब्रेकवरच होता.

रात्री ट्यूब बाहेर ओढली, परत पेपर घेतला.
थिनर लावला असता तर काच कायमची पांढरी पडली असती,
म्हणून हातानंच, आठशेनं, मग हजारनं.
या वेळी पाणी काळं.
शेवटी जुन्या गंजिफ्रॉकनं टूथपेस्ट घासली.
उजव्या दिव्याच्या खालच्या कोपऱ्यात
तिसऱ्या हाताचा ओघळ राहिला तो राहिलाच.
दवाखान्याची वेळ आईला विचारून ठेवली,
मावशीसाठी, असं सांगून.

सकाळी चहाचा कप घेऊन आप्पा बाहेर आले,
बोळात चालत नळापर्यंत गेले,
वळले.
"हां. आता कसं लख्ख दिसूलालंय," म्हणाले.
"लाल. एकदम लाल."

मी दारात उभा होतो, टॉवेलवर.
गाडीत अजून कोणी बसलं नव्हतं.