पहिला पावशेर

मीटर बसला तो शनिवार होता.
वायरमन म्हणाला, थ्री फेज आहे वहिनी, जपून.
आणि चहा पिऊन गेला.
मागं राहिलो आम्ही दोघी :
मी, आणि हे मिरची कांडायचं डंकण.
भिंतीचा चुना अजून ओला.

डंकण जुनंच. संकेश्वरच्या एका बाईचं.
भिशीचा तिसरा नंबर मला लागला त्या रात्री
ह्यांना म्हटलं, फ्रीज नको.
ते बराच वेळ पंख्याकडं बघत राहिले,
मग म्हणाले, टेम्पो कुणाचा सांगायचा?

उखळाच्या काठावर नाव आहे,
भांड्यावर घालतात तसं, टिंबाटिंबांचं :
सौ. हौसाक्का.
आडनाव घासून गेलंय.
विकताना ती एवढंच बोलली,
डावीकडचं मुसळ आळशी आहे,
त्याला आधी तेल दे.
का विकतीस, हे मी विचारलं नाही.
टेम्पो वळेपर्यंत ती दारात उभी होती
पदराला हात पुसत,
हाताला काहीच लागलेलं नसताना.

पेंटर कुराडे अक्षरावर पैसे घेतो.
सासूबाई म्हणाल्या, देवाचं नाव घाल.
दीर म्हणाले, दादाचं घाल.
मी बोटांवर मोजलं आणि सांगितलं :
चटणी कांडून मिळेल.
काना-वेलांटी फुकट का, विचारलं.
कुराडे हसला.
फुकट नव्हती.

रविवारी गडहिंग्लजचा बाजार.
जवारी मिरचीची पोती उघडून बसलेली माणसं,
देठं खुडून बघणाऱ्या बायका.
माझ्या दारात थांबल्या, बोर्ड वाचला,
दर विचारला, आत डोकावल्या,
गेल्या.
सोमवारी तेच.
मंगळवारी गल्ल्यात माझीच दहाची नोट टाकली,
रिकामा डबा फार वाजतो.

बुधवारी रकमाक्का आली. हातात काही नाही.
उखळाला बोट लावलं, वास घेतला, बसली.
म्हणाली,
"पोरी, तुझं मशीन ग्वाड हाय, दर बी बरा हाय.
पर नवं उखळ पहिल्या बाईचा पावशेर खातंय.
दुसरीला पुरतं मिळतंय.
आणि ह्या गावात
आम्ही समद्या दुसऱ्या हाव.
येतो मी."

मी शटर अर्धं ओढून घरी गेले.
माळ्यावरची आमची वर्षाची मिरची काढली,
तीन किलो, उन्हात कडकडीत झालेली.
धणे भाजले, तीळ भाजले, खोबरं करपवलं थोडं,
लसूण सोलताना सासूबाई आपणहून समोर बसल्या.
बोलल्या नाहीत. पाती मात्र माझ्यापेक्षा भराभर सोलल्या.

दुपारी तीनला बटण दाबलं.
उजवं मुसळ पडलं. मग, जरा विचार करून, डावं.

आधी समोरचे रियाज टेलर शिंकले,
गळ्यात टेप, तोंडात सुई नव्हती म्हणून बरं.
मग पतसंस्थेचा शिपाई.
मग पतसंस्था.
रस्त्यानं जाणारा एक मास्तर सायकलवरून उतरून शिंकला
आणि पुन्हा चढायचं विसरून चालत गेला.
चार वाजेपर्यंत अख्खी आळी डोळे पुशीत होती,
आणि कुणी विचारत नव्हतं काय चाललंय,
सगळ्यांना नाकानं कळलं होतं.

साडेचारला रकमाक्का. डबा काखेत.
"झाली न्हवं पहिली?"
झाली, म्हटलं. कोण?
मीच.
ती उखळाशेजारी स्टूल ओढून बसली,
आपल्या चटणीवर नजर ठेवून,
दुसऱ्याची मिसळू नये म्हणून, शेवटच्या चिमटीपर्यंत.
ऐंशी झाले. सत्तर दिले.
दहा उद्या.
वही नव्हती. कॅलेंडरवर लिहून घेतलं.

रात्री ब्रश घेऊन उखळ झाडत होते.
तळाच्या फटीत एक कड निघाली,
काळपट, दगडासारखी घट्ट,
माझीही नव्हे, रकमाक्काचीही नव्हे.
नखानं खरवडून जिभेवर ठेवली.

लसूण जास्त घालायची
हौसाक्का.