मागच्या पानापासून

धनेशचं जहाज बंदर अब्बासला अडकून सहावा महिना.
फोन येतो रात्री, नेट असेल तेव्हा.
पगाराचं विचारलं की म्हणतो,
"लिही, आज नवा शब्द."

धक्क्यावरचा म्हातारा पहारेकरी शिकवतो त्याला,
सिगारेटच्या पाकिटावर चित्रं काढून.
इकडे दिवाळ्यात मी
मासळीच्या उधारीच्या वहीत
मागच्या पानापासून उतरवते.

मार म्हणजे साप.
मयंका हसली, "आई, मग काल तू मला साप दिलास?"
शोतोर, उंट.
शोतोरमोर्ग, उंटपक्षी, म्हणजे आपला शहामृग;
मी त्याला इतकी वर्षं
हरणांचा कुणी लांबचा राजा समजत होते.

आफताबपरस्त, सूर्याला पूजणारा.
म्हणजे सरडा.
जाळ्यांच्या ढिगाशेजारी कुंपणावर बसतो तो
मान हलवतो, नाव पटल्यासारखी.

मारमूलक, पाल.
ट्यूबलाइटमागे ती चुकचुकली
तेव्हा तो म्हणत होता, "पुढच्या महिन्यात नक्की."
मी विचारलं,
मू ऱ्हस्व की दीर्घ?

लाकपोश्त.
लाक कवच, पोश्त पाठ.
हा शब्द तो दोनदा म्हणाला
आणि मग नेट गेलं.

एक शब्द वहीत घेतलाच नाही,
तो दोघांकडे आधीपासूनच होता.
ओहोटीला जेट्टीवर उभी राहून
मोठ्याने म्हणून पाहते: बंदर.
मयंका बोट धरून विचारते,
"हा चावतो का?"