शिट्टी थांबेपर्यंत

बुधवारी ग्रंथालयात बसणाऱ्या पेटिंगिल बाई म्हणाल्या,
गणित चांगलं आहे तुमच्या मुलाचं,
पण गणित चांगलं असलेली मुलं त्या शाळेकडे पोत्याने येतात.
त्यांचा बसून वाजवणारा यंदा शेवटच्या वर्षाला आहे.
मी चौकशी केलीय.

बसून म्हणजे काय, ते आम्हाला त्या दिवशी कळलं.
लाकडी. लांबलचक. बोटीच्या धुराड्यासारखं.
आदेलिनो त्याच्याहून वीतभरच उंच.
गावातल्या शाळेत एक पडून होतं,
पेटीत उंदरांनी संसार मांडलेला.
लुसिंडाने आतली मखमल धुऊन दोरीवर वाळत घातली.

मग फॉल रिव्हरमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
रोज रात्री साडेसात ते साडेआठ
एक अडलेली गाय हंबरू लागली.
माझे आजोबा आझोरेसला गाई राखायचे,
ते असते तर कंदील घेऊन धावले असते.
खालची ओतिलियामावशी छताला झाडूचा दांडा ठोकायची.
नाताळनंतर ठोकेनाशी झाली.
सवयीने की सुराने, विचारायचं धाडस कोणी केलं नाही.

फ्रिजवर परीक्षेचे शब्द.
न्याहारीला तो मला विचारी:
सुताराला रंधा, तसं शिंप्याला काय?
मी म्हणे, सुई.
चूक, बाबा. रंधा गुळगुळीत करतो. म्हणून इस्त्री.

मी टँकर चालवतो. घरं तापवायचं तेल.
त्या शाळेतही जातो, अकरा हिवाळे झाले,
मागच्या रस्त्याने, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून.
कुठल्या वसतिगृहाच्या पोटात किती गॅलन मावतं
ते मला तोंडपाठ.
वर कोण झोपतं, ते कधी पाहिलं नाही.

मुलाखतीला पुढच्या दाराने गेलो.
मेहुण्याचा कोट.
नखांतला वास लिंबाने घासून घालवलेला, म्हणजे जवळजवळ.
बाई हसऱ्या होत्या. विचारलं,
यापूर्वी कधी आमचा परिसर पाहिलाय?
नाही, मी म्हणालो.
इतकं चटकन, की जणू माझी जीभच
प्रवेशाला बसली होती.
लुसिंडाने माझ्याकडे पाहिलं,
आणि मग बराच वेळ गालिच्याकडे.

परतताना गाडीत कोणी बोलेना.
पुलावर आल्यावर आदेलिनो म्हणाला,
मला विचारलं, आमच्या शाळेबद्दल तुला काय माहीत आहे?
मी सांगितलं, जुन्या सभागृहाची टाकी सगळ्यांत लहान,
जानेवारीत दोनदा भरावी लागते.
बाबा म्हणतात, खिडक्या बदला.

मी वायपर लावले.
पाऊस नव्हता.

निकाल मार्चच्या दहाला.
परवा भांडी विसळता विसळता लुसिंडा म्हणाली,
मिळालं, तर साडेसातला आपण दोघांनी काय करायचं?
मी टीव्ही म्हणालो. तिला ते पटलं नाही. मलाही.

आज जुन्या सभागृहामागे नळी जोडून उभा आहे.
नाकातला श्वास गोठवणारी सकाळ.
तेल आत जातं, तशी हवा बाहेर पडते
आणि शिट्टी वाजते.
वाजतेय, तोवर आत जागा आहे.
थांबली, की हात आखडायचा.
पहिल्या दिवशी एवढंच शिकवतात.

वरच्या कुठल्याशा खिडकीतून बसून.
तोच असावा, शेवटच्या वर्षाचा.
गाय नव्हे. पाण्याखालून कोणीतरी
सावकाश आपलं नाव सांगावं, तसं.
एका उतरणीवर, जिथे आमचा रोज अडखळतो,
तिथे तोही अडखळला.
थांबला. पुन्हा सुरुवातीपासून.
मी मान वर करून वाट पाहत राहिलो,
या खेपेला जमतं का.

शिट्टी केव्हा थांबली, कळलंच नाही.
अकरा हिवाळ्यांत पहिल्यांदा
माझ्या हातून बर्फावर तेल सांडलं. लालभडक.

भुसा टाकला, फावड्याने बर्फ उचलून पिंपात भरला.
पावतीवर लिहिलं:
अर्धा गॅलन सांडलं, चूक चालकाची.
खाली सही केली.
नेहमीची फरफट नाही,
पूर्ण नाव, वाचता येईल असं,
आडनावासकट.