आधी दगड, मग वाळू

आधी दगड, टेगन. वाळू नंतर.
तळाच्या काचेवर टेकव, दाबून बसव, हलवून बघ.
पुन्हा हलवून बघ.
वाळूवर नुसता ठेवलास तर ही बया रात्री खणत खणत
नेमकी त्याच्या पोटाखाली शिरेल,
आणि दगड कुणाचं वय विचारत नाही.

हां. आता वाळू, वीतभर.
अंगणातली नको. ब्रोकन हिलच्या मातीत शिसं आहे;
तुझ्या आईच्या बोटाला लहानपणी सुई टोचायचे,
त्यातलं किती रक्तात उतरलं ते बघायला.
म्हणून अ‍ॅडलेडहून पोतं मागवलं.
वाळवंटाच्या मधोमध राहून वाळू विकत घेणारा आजोबा,
हस, खुशाल हस.

खालचा थर ओला, वरचा कोरडा.
मूठ वळली पाहिजे, बोटांतून थेंब गळता कामा नये.
ही नळी कोपऱ्यात उभी कर, पाणी तिच्यातून थेट तळाला सोड.
बाहेरही असंच असतं:
वर सगळं भाजलेलं,
आणि हातभर खाली कुणाचा तरी गारवा.

या टोकाला बत्तीस अंश, त्या टोकाला पंचवीस.
मधे कुठे बसायचं ते ती ठरवेल. आपण नाही.
थर्मोस्टॅट आहेच, तरी थर्मामीटर वेगळा लाव,
एकाच यंत्राच्या शब्दावर कुणाला खाली पाठवू नये.
परवान्याचा कागद फ्रिजवर राहू दे, चुंबकाखाली.
आणि एकटीच ठेवायची. सोबत आपल्याला लागते, तिला नाही.

रातकिडे पिशवीत घाल, चिमूटभर कॅल्शियम, हलव,
तळायच्या आधी मासे पिठात घोळवतो तसे.
तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा किडा नको.
उरलेले सकाळी वेचून काढ; भुकेले रातकिडे
झोपलेल्या पालीलाच कुरतडतात.

भिंतीवर चढणारी पाल नव्हे ही. बोटांना गाद्या नाहीत.
चालते, आणि मधेच थांबते,
कुठे निघालो होतो ते विसरल्यासारखी.
गाजरासारखी शेपूट, टोकाला इवला गोळा.
तू नाव ठेवलंस बटण. बरं आहे.
पहिले पंधरा दिवस हात आत घालायचा नाही.
घातलास तर चार पायांवर उंच होऊन भुंकेल.
हो, भुंकेल.
पापण्या नाहीत तिला, जिभेनंच डोळे पुसते.
आम्ही मनगटानं पुसायचो; धूळ आणखीच आत जायची.

मनात पाल चुकचुकते म्हणतात ना,
ऐंशी साली, ऑगस्टात, बाविसाव्या लेव्हलवर
माझ्या मनात चुकचुकली होती.
छत पडण्याआधी बोलतं.
बारीक, घासात खडा यावा तसं.
मी ऐकलं. क्लेमनं नाही ऐकलं,
तो त्याच्या शर्यतीच्या कबुतरांविषयी सांगत होता
आणि मला त्याचं बोलणं तोडवेना.

किती वेळ? एक वाक्य. दीड.

ती कबुतरं पुढे सहा वर्षं मी सांभाळली.
दाणे, पाणी, पायातल्या कड्या, सगळं वेळेवर.
सोडली की त्याच्याच छपरावर जाऊन बसायची.
मी शिडी घेऊन जायचो, आणि क्लेमची बायको
स्वयंपाकघराच्या खिडकीतून शिडी धरायला बाहेर यायची.
आम्ही काही बोलायचो नाही.

असो. पाण्याची बशी उथळ हवी. ही चालेल.

आता तू झोपलीस. दिवाही बंद केला.
रात्री गारवा लागतो तिला, वाळवंट म्हणजे नुसतं ऊन नव्हे.
काचेआड वाळू सरकते आहे, थांबते आहे, पुन्हा सरकते आहे.
ही पाळी सकाळपर्यंत चालेल,
आणि बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीचा ढिगारा दिसेल मूठभर,
गावाच्या मधोमध आमचा आहे तसाच.

मी झाकण उचललं.
पंधरा दिवस घालायचा नाही म्हणून सांगितलेला हात
आत घातला,
आणि दगड हलवून बघितला.